सहकारनगरच्या घराची बाग: भाडेकरूंसाठी करून घेतलेल्या कामाचा सव्वा वर्षानंतरचा अनुभव

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या घराचा तळमजला भाड्याने जात नव्हता, म्हणून मे २०२४ च्या अखेरीला अंगणाचं काम काढलं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते संपलं. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, कारण पावसाच्या तोंडावर लावलेली कुठलीही बाग दोन महिने छानच दिसते. आता या बागेने एक उन्हाळा आणि दोन पावसाळे काढलेत. भाडेकरूंचा पहिला करार संपून दुसरा झालाय. म्हणून आत्ता लिहिते.

काम ज्यांनी केलं त्यांचं नाव देत नाही, कारण त्यांनीच तसं सांगितलंय. "ताई, माझ्या हाताखाली दोनच माणसं. नाव टाकलंत तर फोन घेता घेता काम राहील." पुण्याजवळ मांजरी गावाकडे राहतात, लहानपणापासून नर्सरीत वाढलेत, आता पन्नाशीच्या पुढे आहेत. मी त्यांना दादा म्हणते, इथेही तेच म्हणेन.

घर वडिलांनी बांधलेलं, तळजाई टेकडीच्या उताराखाली. तळमजल्यावर दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. पुढे २२ बाय १४ फुटांचं अंगण, डावीकडे चार फुटांचा बोळ, मागे लहानसं परस. वडील गेल्यावर आई माझ्याकडे सिंहगड रोडला आली. वरचा मजला बंद असतो, खालचा भाड्याने देतो. जुने भाडेकरू डिसेंबर २०२३ च्या शेवटी गेले आणि पुढे पाच महिने घर तसंच पडून राहिलं. २६,००० भाडं सांगत होतो. म्हणजे १,३०,००० रुपये बुडाले. मी सहकारी बँकेत हिशेबाच्या टेबलावर ३१ वर्षं काढली, त्यामुळे कोण कधी आलं, काय म्हणालं ते वहीत टिपून ठेवते. त्या पाच महिन्यांत १४ जण घर बघून गेले. त्यातल्या नऊ जणांनी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही, हॉलमधूनच मागे फिरले. एजंटचं म्हणणं २२,००० वर या. मी कारण विचारलं तेव्हा जरा अडखळत म्हणाले, "मॅडम, घर चांगलंय. पण फाटक उघडलं की इथे कोणी राहतच नाही असं वाटतं."

त्या दिवशी मी परक्यासारखी फाटकातून आत आले. फुटलेला कोबा, गच्चीच्या दुरुस्तीतला राडारोडा कोपऱ्यात, भिंतीच्या कडेने कमरेएवढं गाजरगवत, एका पिंपात वाळलेला पाम. आईचा प्राजक्त तेवढा उभा होता. आईने तीस वर्षं ज्या अंगणात रोज झारी फिरवली त्याची ही अवस्था मी होऊ दिली, याचं फार वाईट वाटलं. भाड्याचा विचार त्यानंतरचा.

दादांच्या आधी एका लँडस्केपिंगच्या फर्मला बोलावलं होतं. तरुण मुलगा आला, मापं घेतली, दोन दिवसांनी चित्रं पाठवली. चित्रं खरोखर सुंदर होती. सगळ्या अंगणात हिरवळ, गाडीसाठी जाळीचे ठोकळे, मधोमध लहान कारंजं, बोळाच्या भिंतीवर उभी बाग, झाडांच्या बुंध्याशी दिवे. अंदाजपत्रक २,३५,००० रुपयांचं. प्राजक्त काढायचा होता, कारण त्याच्या फुलांचा खाली कचरा होतो. घरमालक स्वतः राहत असेल आणि रोजचा माळी ठेवणार असेल, तर तशी बाग करायला माझी काहीच हरकत नाही. पण भाड्याच्या घरात हिरवळ कोण कापणार? मी हिशेब केला. ३०० चौरस फूट म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी १४० लिटर होतात. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायची पद्धत आहे, म्हणजे ती हिरवळ घरातल्या आणखी एका माणसाएवढं पाणी प्यायली असती. पुण्यात नोव्हेंबरपासून मेपर्यंत सात महिने पाऊस जवळजवळ नसतो. एवढं पाणी कुठला भाडेकरू घालेल, आणि का घालावं त्याने? कारंजं चार दिवस बंद राहिलं की डासांच्या अळ्या होणार. आणि झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्याचा १९७५ चा कायदा आहे. त्या मुलाने त्याचा उल्लेखही केला नव्हता. परवानगी मिळाली असती तरी मी प्राजक्त काढू दिला नसता.

दादांचा पत्ता बँकेतल्या मैत्रिणीने दिला. स्कूटरवर पहार बांधून आले. चहा नंतर घेतो म्हणाले आणि अंगणात तीन ठिकाणी हातभर खड्डे घेतले, प्रत्येकात बादलीभर पाणी ओतलं. मग पायातल्या चपला काढून हॉलमध्ये गेले आणि खिडकीखाली फरशीवर बसून बाहेर बघत राहिले. मला वाटलं दमले असतील. तर म्हणाले, "बाग रस्त्यावरून बघणारा एकदाच बघतो. राहणारा इथून बघतो." तिथे बसूनच त्यांनी विचारायला सुरुवात केली. कोण राहायला येईल, कुटुंब की नोकरी करणारी मुलं? गाड्या किती? कपडे कुठे वाळत घालतात? नळ कुठे आहे? घरात म्हातारं माणूस असू शकतं का? पाणी कोण घालणार, आणि ते गावाला गेले तर? आधीच्या फर्मने यातलं एकही विचारलं नव्हतं. मला काय आवडतं, एवढंच विचारलं होतं.

अर्ध्या तासाने खड्डे बघितले. दोन खड्ड्यांतलं पाणी मुरलं होतं. भिंतीकडच्या खड्ड्यात ते तसंच होतं, चहा होऊन हिशेबाचं बोलणं संपलं तरी तसंच. खाली बांधकामाचा चुरा आणि सिमेंटचं पाणी बसून दगड झाला होता. तिथे याआधी आईची चार झाडं का गेली ते मला त्या दिवशी कळलं.

या कामात सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली असं कोणी विचारलं तर मी पाण्याची वाट सांगेन, आणि ती एकाही फोटोत दिसत नाही. आमचा भाग उताराचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरकडच्या वस्त्यांची काय दशा झाली ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. आमचं घर ओढ्यापासून वर आहे, आत पाणी आलं नाही, पण रस्त्यावरचा गाळ पहिल्या पायरीला लागला होता. तेव्हापासून तळमजला बघायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, पाणी शिरतं का? दादांनी भिंतीच्या कडेचा कोबा फोडून नऊ इंच रुंद चर काढली, तळाला उतार दिला, त्यात खडी भरली आणि ती बोळातून मागच्या वाफ्याकडे नेली. त्या वाफ्यात सोनटक्का आणि कर्दळ लावली, कारण या दोघांना पाय ओले असलेले चालतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, आम्ही तेव्हा घरात अडकलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सहकारनगरला गेले. अंगणात डबकं नव्हतं. खडीवर पानं आणि काड्या एका रेषेत लागलेल्या होत्या, म्हणजे पाणी चरीतूनच गेलं होतं. त्या आठवड्यात घर बघायला जे आले त्यांना मी आधी ती चर दाखवली, खोल्या मागाहून.

मांडणी साधी आहे. उजवीकडची दहा फूट रुंदी गाडी आणि दोन स्कूटरसाठी मोकळी ठेवली. पुण्यात दोन बेडरूमचं घर घेणाऱ्याकडे दुचाकी असणारच, आणि ती लावताना कुंडी पुढेमागे करावी लागली तर त्या माणसाला बागेचा रागच येईल. फुटलेल्या कोब्याखाली जुनी शहाबादी फरशी निघाली. ती धुऊन, थोड्या फटी ठेवून परत बसवली. डावीकडे आणि पुढच्या भिंतीला वाफे. एकंदर दीडशे चौरस फूट, एक फूट खोल, म्हणजे दीडशे घनफूट, दीड ब्रास माती. प्राजक्ताखाली विटांचा कट्टा बांधून घेतला. गवंडी तो फूटभर उंचीचा करत होता. दादांनी त्याला थांबवलं आणि १८ इंच करायला लावला. गुडघे दुखणाऱ्याला खाली बसता येतं, उठता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आईला नेऊन बसवून बघितलं. हात न टेकता उठली.

परसात कपड्यांच्या दोन तारा, कढीपत्ता, गवती चहा, एक लिंबू आणि तुळस. बोळात ऊन येत नाही, तिथे नेचे, सिंगोनियम आणि स्नेक प्लांट. पुढे उन्हात तगर, जास्वंद, एक्झोरा, निळा प्लंबॅगो, मोगरा आणि आईच्या हट्टाचा अनंत. हॉलच्या खिडकीच्या जाळीवर मधुमालती. तिची फुलं उमलताना पांढरी असतात, मग गुलाबी होतात, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. खिडकीजवळ रातराणी मात्र दादांनी लावू दिली नाही. बंद खोलीत तो वास काही जणांना सोसत नाही, आणि भाडेकरूचं डोकं दुखतं की नाही ते आपल्याला आधी कसं कळणार?

एका बाबतीत मी त्यांच्याशी वाद घातला. पाणी कमी लागतं म्हणून फाटकाशी कण्हेर लावायचं त्यांच्या मनात होतं. कण्हेर दिसते सुरेख, उन्हाळ्यातही फुलते, रस्त्याच्या दुभाजकांत ती म्हणूनच लावतात. पण तिचं पान, फूल, खोड सगळं विषारी. लहान मूल असलेलं कुटुंब येऊ शकतं असं आपणच धरून चाललोय, मग ती नकोच. दादांनी दोन मिनिटं विचार केला आणि "बरोबर आहे ताई" म्हणून तगर लिहून घेतली. तगरीचाही चीक असतो, तो मुलांच्या तोंडात जाऊ नये हे मी भाडेकरूंना सांगितलंय. भाड्याच्या घरात झाडं लावणाऱ्या प्रत्येकाने ही चौकशी आधी करावी. कुंड्यांत सर्रास दिसणारा डायफेनबेकियाही मुलांच्या तोंडात गेला तर जीभ सुजते.

अनंत आणि मोगरा आईला घेऊन एम्प्रेस गार्डनच्या रोपवाटिकेतून आणले. बाकी रोपं दादांनी सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या पट्ट्यातून आणली. मी गाडीत बरोबर होते, म्हणून भाव डोळ्यांनी बघितले. सहाशेची मोठी जास्वंद मला घ्यायची होती. दादांनी ऐंशीची लहान घेतली. "मोठं झाड हलवलं की वर्षभर रुसून बसतं. लहान रोप तुमच्या मातीत वाढतं." हे खरं ठरलं, पण त्यात एक अडचण होती. आम्हाला भाडेकरू लगेच हवा होता आणि वीतभर रोपांचे वाफे फोटोत ओकेबोके दिसणार. त्यावर त्यांनी मधल्या जागा सदाफुली आणि कोलियसने भरल्या, ती महिन्याभरात पसरली, आणि पायऱ्यांवर आठ कुंड्यांत भरलेली झाडं ठेवली. बाकीची रोपं मोठी झाली तशी सदाफुली काढत गेले. कमी पैशात लवकर भरगच्च दिसायची ही युक्ती मला फार आवडली.

खर्च वहीतून उतरवते. राडारोड्याच्या दोन खेपा ५,०००. माती ९,०००. शेणखत आणि निंबोळी पेंड ४,२००. रोपं ९,३५०. ठिबक आणि टायमर ७,६००. तीन माणसांची सात दिवसांची मजुरी १८,९००. दादांचा स्वतःचा मेहनताना ८,०००. सगळे मिळून ६२,०५०, म्हणजे अडीच महिन्यांच्या भाड्यापेक्षा थोडे कमी. कट्टा, फाटकाचा आणि जाळ्यांचा रंग वेगळा, त्याचे पैसे गवंड्याला आणि रंगाऱ्याला दिले. रोपांवर एकूण खर्चाचा सहावा हिस्सासुद्धा गेला नाही हे बघा. पैसा माती, पाणी आणि अंगमेहनत यांत गेला, आणि माझ्या मते तो तिथेच जायला हवा.

प्राप्तिकराचा प्रश्न मला दोघांनी विचारलाय म्हणून सांगते. बागेचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वेगळा वजा होत नाही. भाड्यातून आपण भरलेला महापालिकेचा मिळकतकर वजा करायचा आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग तुम्ही दुरुस्तीवर लाख घाला नाहीतर काहीच घालू नका. त्यामुळे बागेचा खर्च भाड्यातूनच वसूल होतो का, एवढंच बघायचं.

फोटो जुलैच्या मध्यात सकाळी आठला काढले. एजंट फाटकातून काढत होते, मी त्यांना हॉलमधून खिडकीबाहेरचा, स्वयंपाकघरातून परसाचा आणि कट्ट्याचा काढायला लावले. तीन आठवड्यांत सहा जण आले. सहाही जणांनी घर पूर्ण बघितलं. दोन कुटुंबांनी हो म्हटलं. त्यातलं एक नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि एसटीतून निवृत्त झालेले आजोबा. आजोबा खोल्या बघायला आत आलेच नाहीत. प्राजक्ताखाली बसून राहिले आणि मुलाला म्हणाले, "आपण इथेच राहायचं." भाडं २६,००० पूर्ण, अनामत एक लाख, १५ ऑगस्टपासून करार.

सगळं श्रेय मी बागेला देणार नाही. जून-जुलैत शाळा सुरू होतात, बदल्या होतात, घरांना मागणी असतेच. फाटकाला रंग लागला होता, दारातली घाण गेली होती. पण जानेवारी ते मे या काळात स्वयंपाकघर न बघता परतलेले नऊ जण माझ्या वहीत आहेत, आणि जुलैनंतर तसा एकही नाही.

आता तक्रारी. पहिली वेळेची. सात दिवसांचं काम सहा आठवडे चाललं. मे अखेरीला खोदाई झाली, जूनमध्ये पावसाने दोनदा अडवलं, ते समजू शकते. पण पालख्या पुण्यात आल्या तेव्हा त्यांचा एक माणूस वारीला गेला आणि काम दहा दिवस बंद राहिलं. वारीला जाण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, आमच्या घरातूनही लोक जातात. पण वारीची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. ती धरूनच वायदा करायला हवा होता.

दुसरी तक्रार ठिबकची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. चाळीस ड्रिपर आहेत, ताशी चार लिटरचे. उन्हाळ्यात रोज वीस मिनिटं चालतात, म्हणजे ५३ लिटर. हिरवळीच्या १४० लिटरशी ताडून बघा. योजना उत्तमच आहे. पण टायमर बॅटरीवर चालतो आणि ती किती महिन्यांनी बदलायची हे दादांनी ना मला सांगितलं ना भाडेकरूंना. एप्रिल २०२५ मध्ये भाडेकरू बारा दिवस गावाला गेले आणि टायमर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बंद पडला. मी मधे एकदा जायला हवं होतं, आईची तब्येत बरी नव्हती म्हणून गेले नाही. परत आल्यावर भाडेकरू ताईंचा फोन आला, आवाज रडवेला. "काकू, आम्ही टायमर लावून गेलो होतो हो." त्यांची काहीच चूक नव्हती. अबोली सगळी गेली, दोन एक्झोरा गेल्या. तगर, जास्वंद, सोनटक्का तगले. दादा दुसऱ्याच दिवशी आले, एक्झोरा स्वतःच्या खर्चाने लावून दिल्या. बघितलं तर चाळीसपैकी अकरा ड्रिपरही क्षाराने बुजले होते. आमच्याकडे बागेला बोअरचं पाणी आहे, ते जड आहे, आणि फिल्टर कधी उघडलाच नव्हता. ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून सुटे झाले. आता टायमरच्या झाकणावर बॅटरी बदलल्याची तारीख चिकटवलेली असते. भाड्याच्या घरात ठिबक बसवणाऱ्याने बसवून निघून न जाता एक कागद लिहून द्यायला हवा. तो मी दादांकडून नंतर लिहून घेतला, त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

गोगलगाईंचा त्रासही झाला. पहिल्या पावसाळ्यात त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगाई आल्या आणि एका रात्रीत कोलियस खाऊन गेल्या. दादांनी फवारणी नको म्हटलं, घरात लहान मूल आहे. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजा घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. आजोबांनी ते काम पंधरा दिवस नेमाने केलं. दुसऱ्या पावसाळ्यात फारच कमी दिसल्या.

ज्यांना असं काही करायचंय त्यांनी करारात बागेचं कलम घालून घ्यावं. महाराष्ट्रात असा करार नोंदवावाच लागतो, तेव्हा त्यात चार ओळी वाढवायला काही अडचण नाही. आमच्या करारात असं आहे: रोजचं पाणी आणि झाडलोट भाडेकरूंची, छाटणी, खत आणि ठिबकची दुरुस्ती आमची, दर तीन महिन्यांनी दादा येतील तेव्हा फाटक उघडून द्यायचं, आणि जमिनीतलं झाड विचारल्याशिवाय काढायचं नाही. लावायला बंदी नाही. हे शेवटचं आईने घालायला लावलं. भाड्याच्या घरात माणूस एखादं रोप लावतो तेव्हा तो तिथे रुजायला बघतो, त्याला अडवू नये, असं तिचं म्हणणं. आजोबांनी परसातल्या कपड्यांच्या एका तारेवर घेवडा चढवलाय, आम्हाला दोनदा शेंगा पाठवल्या. कपड्यांना तार कमी पडते म्हणून तिसरी मी बांधून दिली.

करार जुलै २०२५ मध्ये संपला. पाच टक्के वाढीने २७,३०० सांगितले, घासाघीस न करता त्यांनी मान्य केले. घर एक दिवसही रिकामं राहिलं नाही आणि एजंटला दलाली द्यावी लागली नाही.

दादांचं काम मी पुन्हा घेईन का? घेईन, आणि सांगेनही की ज्यांना पंधरा दिवसांत घर सजवून फोटो टाकायचे आहेत त्यांनी त्यांच्याकडे जाऊ नये. ज्यांचं घर अजून दहा वर्षं भाड्याने जाणार आहे, ज्यांना रोज तिथे जाता येत नाही, त्यांना असा माणूस हवा. नर्सरीच्या लोकांत फोटो दाखवणारे पुष्कळ भेटतील. पहिल्या भेटीत खड्डा खणून पाणी ओतणारा शोधा.

अजून एक कोपरा राहिलाय. पाण्याच्या टाकीमागे चार फूट जागा आहे, तिथे काही जगत नाही. चुरा दीड फुटाच्याही खाली गेलाय असं दादा म्हणतात. तिथे खोदाई न करता गांडूळखताची टाकी करायचं ठरलंय, ओला कचरा तिथेच जिरेल आणि खत विकत आणायला नको. महापालिका अशा खत प्रकल्पाला मिळकतकरात पाच टक्के सूट देते, त्याचा अर्ज मी भरून ठेवलाय. दिवाळीनंतर दादा येणार आहेत, मधुमालतीची छाटणी आणि टाकी एकाच फेरीत होईल. त्यांच्या फेरीचे १,२०० चे यंदा १,५०० झालेत. मी हो म्हटलं.